विल्यम जॉन लिटल

विल्यम जॉन लिटल (जन्म : ७ ऑगस्ट १८१०, लंडन, मृत्यू : ७ जुलै १८९४, वेस्ट मॉलिंग, केंट) हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश वैद्य आणि ब्रिटनमधील अस्थिव्यंगोपचारशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होते. लहान मुलांच्या हातापायांतील ताठरपणाचा संबंध अवघड बाळंतपण, अकाली जन्म आणि जन्मतः श्वास कोंडणे यांच्याशी असू शकतो, हे त्यांनी रुग्णांच्या तपशीलवार नोंदींसह मांडले. आज सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूचा पक्षाघात या नावाने ओळखली जाणारी ही स्थिती अनेक वर्षे लिटलचा विकार म्हणून प्रसिद्ध होती. लिटल यांचा स्वतःचा डावा पाय लहानपणीच वाकडा झाला होता आणि वयाच्या २५ व्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेने तो सुधारला. व्यंग सुधारण्यात शस्त्रक्रिया, आधारसाधने आणि व्यायाम यांचा वाटा नेमका किती, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यभराच्या कामाच्या केंद्रस्थानी राहिला.

बालपण आणि शिक्षण

लिटल यांचा जन्म लंडनच्या पूर्व भागातील ऑल्डगेट येथे झाला. त्यांचे आईवडील तेथे रेड लायन नावाची सराई चालवीत. वयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना तापाचा आजार झाला आणि त्यानंतर त्यांच्या डाव्या पायाची शक्ती कमी झाली. हा आजार पोलिओ असावा, असे आता मानले जाते. त्या काळी पोलिओ हा स्वतंत्र रोग म्हणून ओळखलाच गेला नव्हता. जर्मन वैद्य याकोब हाइने यांनी त्याचे पहिले व्यवस्थित वर्णन १८४० मध्ये प्रसिद्ध केले.

अशक्त झालेल्या स्नायूंवर निरोगी स्नायूंनी मात केली की पाऊल हळूहळू एका बाजूला ओढले जाते. लिटल यांच्या बाबतीत टाच वर खेचली गेली आणि तळवा आत वळला. त्यामुळे पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन त्यांना चालावे लागे. अशा पायावर त्या वेळी होणारे उपाय म्हणजे घट्ट पट्ट्या, फळ्या आणि लोखंडी आधार. आखडलेला स्नायू तसाच असताना बाहेरून दाब देऊन पाऊल सरळ करण्याची ही खटपट बहुतेक वेळा निष्फळ ठरे. मुलाला वेदना मात्र होत आणि कातडी सोलवटून जखमा होत.

लिटल यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समधील सेंत-ओमेर येथील शाळेत झाले. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते एका औषधविक्रेत्या वैद्याकडे उमेदवारीसाठी राहिले. त्यानंतर १८२८ पासून त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८३२ मध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना मिळविला. वैद्यकाकडे वळण्यामागे स्वतःच्या पायावर इलाज शोधण्याची इच्छाही होती.

पायावरील शस्त्रक्रिया

टाचेच्या मागे असलेली जाड कंडरा पिंढरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडते. ती कापल्यास टाच खाली येईल ही कल्पना लिटल यांच्या आधीही मांडली गेली होती. फ्रान्समधील मोंपेलिए येथील शल्यचिकित्सक झाक देल्पेश यांनी १८१६ मध्ये असा प्रयोग एका मुलावर केला. जखम चिघळली आणि बरी होण्यास फार काळ गेला. त्यामुळे देल्पेश यांनी ती शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही. त्या काळी बधिरीकरण नव्हते आणि जंतूंविषयीचे ज्ञानही नव्हते. ईथर देऊन केलेली पहिली जाहीर शस्त्रक्रिया १८४६ मधील, तर जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ मधील आहे.

जर्मनीतील हॅनोव्हर येथील गेओर्ग फ्रीडरिख लुई श्ट्रोमायर यांनी या अडचणीतून वाट काढली. १८३१ पासून ते मोठा छेद न घेता कातडीला अगदी बारीक भोक पाडीत, त्यातून अरुंद पाते आत सरकवीत आणि कंडरा आतल्या आत कापीत. जखम उघडी राहत नसल्याने ती सहसा चिघळत नसे. कंडरा कापल्यानंतर काही दिवसांनी पाय एका खास फळीला बांधून थोडाथोडा सरळ केला जाई आणि तुटलेल्या टोकांमध्ये नवी ऊती भरून कंडरा लांबट होऊन जुळे.

लंडनमधील ज्येष्ठ शल्यचिकित्सकांचा अशा शस्त्रक्रियेला विरोध होता. लिटल १८३४ मध्ये जर्मनीला गेले. बर्लिन येथे त्यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर आणि शल्यचिकित्सक योहान फ्रीडरिख डीफेनबाख यांच्याकडे अध्ययन केले. डीफेनबाख यांनाही ही शस्त्रक्रिया धोक्याची वाटत होती. तरीही लिटल हॅनोव्हरला श्ट्रोमायर यांच्याकडे गेले. आधी त्यांनी तेथील उपचारपद्धती पाहिली आणि मग ६ जून १८३६ रोजी स्वतःच्या पायावर शस्त्रक्रिया करवून घेतली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि काही आठवड्यांतच त्यांचे पाऊल जमिनीवर सपाट टेकू लागले. बर्लिनला परतलेल्या लिटल यांना पाहून डीफेनबाख यांचे मत बदलले आणि पुढे त्यांनी स्वतः अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या.

वाकड्या पावलाच्या विकृतीवर लिहिलेल्या लॅटिन प्रबंधाबद्दल लिटल यांना १८३७ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला त्यांनी लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. श्ट्रोमायर यांची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली ती त्यांच्यामुळे.

रुग्णालय आणि ग्रंथ

लिटल यांच्या पुढाकाराने १८३८ मध्ये लंडनमध्ये वाकडे पाय व इतर व्यंगे यांवरील उपचारांसाठी एका संस्थेचा पाया घातला गेला. १८४० मध्ये ब्लूम्सबरी चौकात तिचे रुग्णालय सुरू झाले. पुढे हे रुग्णालय रॉयल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल या नावाने ओळखले जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधील अशाच अन्य रुग्णालयांशी एकत्र येऊन त्यातून आजचे रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभे राहिले. लंडन हॉस्पिटलमध्येही लिटल यांनी अनेक वर्षे वैद्य म्हणून काम केले.

वाकड्या पावलाचे स्वरूप व उपचार यांवरील त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४३-४४ मध्ये त्यांची मानवी शरीराच्या विकृतींवरील व्याख्याने लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. या व्याख्यानांत त्यांनी लहान मुलांमधील ताठरपणाचा विषय हाताळला होता. या व्याख्यानांचा विस्तार करून १८५३ मध्ये त्यांनी ग्रंथ काढला. स्नायू फुगलेले दिसत असूनही शक्ती घटत जाणाऱ्या मुलांच्या विकाराचे वर्णनही या ग्रंथात आहे. पुढे हा विकार फ्रेंच वैद्य द्यूशेन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पाठीच्या कण्याच्या वाकांवर आणि गुडघे आत वळण्याच्या विकृतीवरही लिटल यांनी लेखन केले.

१८६१ चा निबंध

लिटल यांचे सर्वांत महत्त्वाचे लेखन म्हणजे २ ऑक्टोबर १८६१ रोजी लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी वाचलेला निबंध. तो संस्थेच्या १८६२ मधील इतिवृत्तात प्रसिद्ध झाला. ताठर हातापायांच्या ४७ रुग्णांच्या नोंदी त्यांनी त्यात दिल्या होत्या. प्रत्येक नोंदीत बाळंतपण किती लांबले, मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मले का, जन्मल्यावर ते लगेच रडले का आणि श्वास सुरू होण्यास किती वेळ लागला, ही माहिती शक्य तेथे घेतली होती. व्यंगावर उपचार करणाऱ्या वैद्याने मुलाच्या पायापाशी न थांबता त्याच्या जन्मवेळेपर्यंत मागे जावे, ही दृष्टी त्या काळात नवी होती.

ताठरपणाचे त्यांनी तीन प्रकार नोंदविले : शरीराच्या एकाच बाजूला असलेला, दोन्ही पायांत अधिक असलेला आणि सर्व शरीरभर पसरलेला. ही विभागणी थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. दोन्ही पाय बाधित असलेल्या मुलांचे त्यांनी केलेले वर्णन डॉक्टरांच्या चांगलेच परिचयाचे आहे. अशा मुलांच्या मांड्या आत ओढलेल्या असतात, गुडघे एकमेकांवर घासतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत आणि आधार देऊन उभे केल्यास पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. शेक्सपिअरच्या नाटकातील तिसऱ्या रिचर्ड राजाच्या व्यंगाचा आणि अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा उल्लेखही त्यांनी निबंधात केला होता. जन्मतः गुदमरलेली बरीच मुले पुढे पूर्णपणे निरोगी राहतात, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

सभेतील सर्व प्रसूतितज्ज्ञांना हा निष्कर्ष पटला नाही. निबंधामुळे बाळंतपण करणाऱ्यांच्या जबाबदारीचा प्रश्नही उपस्थित होत होता. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी मुलांच्या या विकारावर पुस्तक लिहून सेरेब्रल पाल्सी ही संज्ञा रूढ करण्यास हातभार लावला. मनोविश्लेषणाचे जनक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड तेव्हा मज्जाविकारतज्ज्ञ होते. १८९७ मधील ग्रंथात त्यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला. बाळाच्या मेंदूत गर्भावस्थेतच बिघाड झाल्यामुळेही बाळंतपण अवघड होत असेल, असे त्यांचे म्हणणे होते. नंतरच्या संशोधनात दोघांच्याही म्हणण्यातील तथ्य दिसून आले. अकाली जन्म हे आजही या विकाराचे एक प्रमुख कारण आहे. जन्मवेळी श्वास कोंडल्याने हा विकार झालेली मुले मात्र एकूण रुग्णांत थोडीच आढळतात. गर्भावस्थेतील संसर्ग, मेंदूच्या घडणीतील दोष, जन्मानंतरची तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर हीही कारणे ज्ञात झाली आहेत.

उपचारपद्धती आणि आधारसाधने

लिटल यांच्या उपचारांत एक ठरलेला क्रम होता. आखडलेली कंडरा कापून किंवा ताणून आधी अडथळा दूर करायचा, मग साधनाच्या मदतीने अवयव हळूहळू योग्य स्थितीत आणायचा आणि त्यानंतर हालचाल व व्यायामाने तो वापरात ठेवायचा. ताठर मुलांवरही त्यांनी हीच पद्धत वापरली. दोन्ही प्रकारच्या रुग्णांत मात्र महत्त्वाचा फरक होता. वाकड्या पावलाच्या मुलात दोष पायापुरता असतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलात स्नायूला मेंदूकडून येणारी आज्ञाच बिघडलेली असते. त्यामुळे आज सरळ केलेला पाय उद्या पुन्हा ओढला जाऊ शकतो.

वाकड्या पावलाच्या उपचारात लिटल यांची परंपरा आजही दिसते. अमेरिकेतील आयोवा येथील इग्नासिओ पोन्सेटी यांच्या जगभर रूढ झालेल्या पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल वळविले जाते. बहुतेक बाळांत शेवटी टाचेची कंडरा बारीक छेदातून कापली जाते. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट आधी जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री घालावे लागतात. ते मध्येच सोडल्यास पाऊल पुन्हा वाकडे होण्याची शक्यता बरीच वाढते.

सेरेब्रल पाल्सीतील खुबा

लिटल यांनी वर्णन केलेल्या आत ओढलेल्या मांड्यांचा गंभीर परिणाम खुब्यावर होतो. त्याची नीट उकल क्ष-किरणांच्या शोधानंतर, म्हणजे लिटल यांच्या मृत्यूनंतरच होऊ शकली. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो. मूल उभे राहू व चालू लागले की माथ्याच्या दाबाने ही खोबण खोल होत जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा खुबा जन्मतः सहसा ठीक असतो. मांडी आत व पुढे ओढणारे स्नायू सतत ताठ राहिल्याने आणि उभे राहण्याचा भार वेळेवर न मिळाल्याने माथा हळूहळू बाहेर सरकतो व खोबण उथळ राहते. शेवटी सांधा पूर्ण निखळला तर वेदना होतात, नीट बसता येत नाही आणि मुलाची स्वच्छता राखणेही कठीण होते. या विकाराच्या साधारण तीनपैकी एका मुलाचा खुबा कमीअधिक सरकतो. स्वतंत्रपणे चालणाऱ्या मुलांत हा धोका फार कमी असतो, तर स्वतः बसूही न शकणाऱ्या मुलांत तो सर्वाधिक असतो.

मांड्या एकमेकींपासून दूर ठेवणारे पट्टे व ब्रेसेस यामुळे खुबा वाचेल, अशी अपेक्षा अनेक वर्षे बाळगली जात होती. अशा साधनाने मुलाला बसणे सोपे होऊ शकते, मांड्यांची कात्री कमी होते आणि पालकांना कपडे बदलणे सोयीचे जाते. खुबा सरकणे थांबविण्याबाबत मात्र निष्कर्ष निराशाजनक आहे. ऑस्ट्रेलियात ९० मुलांवर तीन वर्षे केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बोट्युलिनम विषाची इंजेक्शने व खुब्याचे ब्रेसेस एकत्र वापरले गेले. त्यांचा लाभ अल्प ठरला आणि पुढे शस्त्रक्रियेची गरज टळली नाही. जन्मतः खुबा निखळलेल्या पण मेंदू निरोगी असलेल्या तान्ह्या बाळांत पट्ट्याचा उपचार चांगला लागू पडतो. त्या दोन स्थिती वेगळ्या असल्याने एकीतील यशावरून दुसरीबद्दल अंदाज बांधता येत नाही.

खुबा वाचविण्याचा भरवशाचा मार्ग नियमित तपासणीतून सापडला. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सेरेब्रल पाल्सीच्या सर्व मुलांची नोंद ठेवून ठराविक काळाने क्ष-किरण चित्रे काढली जाऊ लागली. माथ्याचा किती टक्के भाग खोबणीबाहेर गेला आहे हे त्यावर मोजतात. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे गेले की मुलावर विशेष लक्ष ठेवतात आणि ते वाढत राहिल्यास वेळीच स्नायूंची किंवा हाडाची शस्त्रक्रिया करतात. या कार्यक्रमामुळे खुबा पूर्ण निखळण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आले. खुबा सरकत असताना सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे मूल ब्रेसेस वापरत असले आणि त्याची काही तक्रार नसली, तरी क्ष-किरण तपासणी टाळता येत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात अशा मुलांसाठीच्या सेवा प्रथम मोठ्या शहरांत उभ्या राहिल्या. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. तेथे आधारसाधने व कृत्रिम अवयव तयार करण्याची सोय आहे. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. सांगली जिल्ह्यात मिरज येथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये, म्हणजे लिटल यांच्या मृत्यूच्याच वर्षी, रुग्णालय सुरू केले. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या शिराळ्यासारख्या डोंगरी तालुक्यात मुख्य अडचण अंतराची असते. वारणाकाठच्या आणि डोंगरातील वाड्यांवरून मुलाला कडेवर घेऊन सांगली, मिरज किंवा कऱ्हाड गाठायचे म्हणजे घरातील कर्त्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. मूल वाढते तसे साधन तोकडे पडते, त्यामुळे अशा फेऱ्या वारंवार कराव्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाली. त्याअंतर्गत वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलांची तपासणी करतात. वाकडे पाऊल, जन्मजात खुब्याचा दोष आणि स्नायूंच्या हालचालींतील विलंब यांचा त्यात समावेश आहे. सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही आहे.

उत्तरायुष्य आणि वारसा

लिटल १८८४ मध्ये व्यवसायातून निवृत्त झाले. उतारवयात त्यांना बहिरेपणा आला होता. केंट परगण्यातील वेस्ट मॉलिंगजवळ त्यांचे अखेरचे दिवस गेले. ७ जुलै १८९४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपला पाय सरळ करणाऱ्या शल्यचिकित्सकाची आठवण म्हणून त्यांनी एका मुलाचे नाव लुई श्ट्रोमायर लिटल असे ठेवले होते. त्याने शांघाय येथे शल्यचिकित्सक म्हणून काम केले. दुसरे पुत्र अर्नेस्ट म्यूरहेड लिटल हे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते.

लिटलचा विकार हे नाव आता वैद्यकीय व्यवहारात फारसे वापरले जात नाही. मुलाच्या व्यंगाचे कारण त्याच्या जन्माच्या इतिहासात शोधण्याची लिटल यांची रीत मात्र कायम राहिली आहे. अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतः उशिरा रडलेले बाळ पुढे वेळेवर मान धरते का, बसते का आणि त्याच्या मांड्या सैलपणे फाकतात का, याची तपासणी आज बालरोगतज्ज्ञ नेमाने करतात.